फिस्टुलाची सुई शिरेच्या आरपार का जाते? ती आपोआप थांबेल अशी करता येईल का?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी राजापूर तालुक्यातला, नोकरीला रत्नागिरीत मिरजोळे एमआयडीसीत एका टूलरूममध्ये. डाय, पंच, ग्राइंडिंग हे रोजचं काम. वैद्यकाचं शिक्षण नाही. पण सुई म्हणजे शेवटी धार लावलेलं पोलाद, आणि धार हा माझा विषय, म्हणून धागा काढतोय.

आईचं डायलिसिस सुरू होऊन सव्वादोन वर्षं झाली. आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी चार तास. डाव्या हातात फिस्टुला आहे. म्हणजे रोहिणी आणि शीर ऑपरेशन करून एकमेकींना जोडलेली. जोराचं रक्त मिळून ती शीर आता करंगळीएवढी जाड झाली आहे. वर बोट ठेवलं की आतली थरथर लागते. आई रोज सकाळी देवासमोर हात जोडायच्या आधी ती थरथर बघते, मग बाकी सगळं.

दर वेळी दोन सुया टोचतात. एकीतून रक्त मशीनकडे जातं, दुसरीतून परत येतं. १६ नंबरची सुई, बाहेरून १.६ मिमी. सलाईनच्या सुईच्या मानाने हा खिळाच.

गेल्या आषाढात जे झालं ते सांगतो. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार करायला मी आलेलो नाही. नेहमीच्या सिस्टर रजेवर होत्या, नवा मुलगा होता. हळुवार हाताचा, आईशी बोलत बोलत करणारा. त्याने चाचपलं, सुई घातली, नळीत रक्त आलं. बरोबर बसली म्हणून त्याने ती जराशी पुढे सरकवली आणि सुई खालच्या भिंतीतून पलीकडे गेली. ते कोणाच्या लक्षात आलं नाही. पंप सुरू झाला, मशीन ओरडायला लागलं, आणि कोपराखाली आमच्या डोळ्यांसमोर आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी गाठ आली. आईने आवाज काढला नाही, फक्त माझं मनगट धरलं. पुढे तीन आठवडे हात कोपरापासून बोटांपर्यंत जांभळा, मग हिरवा, मग पिवळा. तोवर फिस्टुला वापरता येईना, म्हणून मानेत तात्पुरती नळी घालावी लागली. त्या मुलाचे डोळे भरून आले होते. त्याच्यावर माझा राग नाही.

मुदत संपलेली एक सीलबंद सुई सिस्टरांकडून मागून घेतली आणि कामावर प्रोफाइल प्रोजेक्टरखाली (कडा मोठी करून दाखवणारं यंत्र) ठेवली. एक लांब तिरका काप, टोकाशी दोन्ही अंगांनी दोन छोटे काप, आणि कापाच्या उलट बाजूला एक लांबट भोक, म्हणजे सुई शिरेच्या भिंतीला चिकटली तरी रक्त तिथून ओढलं जावं. काठावर एक बर, म्हणजे धातूचा खरखरीत कण, नाही. इतकं नेटकं ग्राइंडिंग मी क्वचित पाहिलंय.

पण तिथेच मनात आलं. धार हवी कशाला? कातडी आणि शिरेची वरची भिंत कापायला. हे अंतर किती, तर मोजके मिलिमीटर. त्याच्या पुढे ती धार आईच्या हातात चार तास नुसती पडून असते, खालच्या भिंतीकडे तोंड करून. आत शिरल्याक्षणी जिचं टोक आपोआप बोथट होईल अशी सुई कोणी केली आहे का? नसेल तर का नाही? जाणकारांनी लिहावं.

आंबराई

वाचून अंगावर काटा आला. आईंना आता कसं आहे? एक भाबडा प्रश्न: बारीक सुई का नाही वापरत? लहान मुलांना तर किती नाजूक सुया लावतात.

यंत्रशाळा

मी मूळचा दापोलीचा, वैद्यकीय उपकरणांच्या डिझाइनमध्ये काम करतो. आधी आंबराईंच्या प्रश्नाचं उत्तर. नळीतून किती द्रव वाहतो ते त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतं. त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा होतो. डायलिसिसला मिनिटाला २५० ते ३०० मिली रक्त फिरवावं लागतं. बारीक सुईतून तेवढं ओढू गेलं तर दाब भलताच वाढतो आणि रक्तपेशी फुटतात. म्हणून जाड सुई.

आता खाडीकाठ यांचा प्रश्न. तुम्ही जे मागताय त्याचा पूर्वज नव्वदेक वर्षांपूर्वीचा आहे. हंगेरीत यानोश वेरेस नावाच्या डॉक्टरने १९३०च्या दशकात क्षयरोग्यांसाठी एक सुई केली. तेव्हा क्षयावर प्रभावी औषध नव्हतं, आजारी फुप्फुसाला विश्रांती मिळावी म्हणून त्याच्याभोवती मुद्दाम हवा भरत. ते करताना सुई फुप्फुसातच घुसायची भीती. वेरेसने धारदार सुईच्या पोटात बोथट टोकाची पोकळ दांडी बसवली, मागे स्प्रिंग. मांस विरोध करतं तोवर दांडी मागे दबलेली राहते आणि धार उघडी असते. पोकळीत शिरलं की विरोध संपतो, स्प्रिंग दांडीला पुढे फेकते आणि धार झाकली जाते. आज दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात वायू भरायला हीच सुई वापरतात.

मग शिरेसाठी का नाही? पोट ही मोठी पोकळी आहे. शिरेत वरच्या भिंतीपासून खालच्या भिंतीपर्यंत पाच-सहा मिलिमीटर जागा, तेवढ्यात दांडी सुटली पाहिजे. दुसरं, रक्त दिसलं की आत गेलो हे कळतं, आणि त्याच वाटेत तुम्ही दांडी घालताय. तिसरं मला सगळ्यात अवघड वाटतं. कातडीखालची चरबी मऊ असते. कातडी फोडून सुई तिथे आली की विरोध एकदम पडतो आणि स्प्रिंगला वाटतं, पोचलो. दांडी शिरेच्या आधीच सुटते.

आणि हाताला जो जोर लागतो तो काही सगळा टोकाचा नसतो. टोक कापतंय त्याचा एक आणि सुईचं अंग कातडीत घासतंय त्याचा दुसरा. जितकं आत जावं तितकं घासणं वाढतं. म्हणून शीर फोडल्याचा तो बारीकसा 'टक' घर्षणाखाली दबून जातो. त्या मुलाला तो लागला नसेल तर नवल नाही.

नाइटड्युटी

स्टाफ नर्स, १९ वर्षं. सिंधुदुर्गात आणि त्याआधी रत्नागिरी जिल्ह्यात. तुम्ही सगळे सुई आत जाण्याबद्दल बोलताय, मला ती बाहेर आल्यानंतरचं सांगायचंय. पण आधी आत जाण्याबद्दलही थोडं.

आमच्याकडे पावसात फुरशाचे पेशंट येतात. फुरसं म्हणजे छोटा विषारी साप; तो चावला की रक्त गोठायचं थांबतं. आम्ही स्वच्छ काचेच्या नळीत ताजं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो आणि मग तिरकी करून बघतो. पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलंय. अशा माणसाच्या हातात तुम्ही चार ठिकाणी टोचून शीर चुकलात तर चारही भोकं झिरपत राहतात. तिथे पहिली सुई पहिल्यांदाच बसावी लागते. विंचू चावलेलं मूल आलं तर ते थंडगार आणि घामाने निथळलेलं, शिरा आत ओढलेल्या. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांच्या कामामुळे प्राझोसिनची गोळी आली आणि पोरं वाचायला लागली, पण शीर तर लावावीच लागते. आणि हे सगळं रात्री, लाइट गेलेली असताना, नातेवाइकाने धरलेल्या मोबाइलच्या उजेडात. टेबलावर सुंदर चालणारी सुई माझ्या हातात, ओल्या ग्लोव्हजमध्ये, तशीच चालली पाहिजे.

आता माझं स्वतःचं. बारा वर्षांपूर्वी, पहाटे अडीच. दारू प्यायलेला, डोक्याला मार लागलेला पेशंट. कॅन्युला (सलाईनची प्लास्टिकची नळी) बसली, आतली सुई ओढून काढली आणि ट्रे दूर होता म्हणून क्षणभर चादरीवर ठेवली. त्याने हात झटकला, मी धरायला गेले आणि तीच सुई माझ्या अंगठ्याच्या मुळाशी घुसली. साबणाने धुतलं, कळवलं, रक्त तपासायला दिलं. कावीळ-बी ची लस मी घेतलेली होती, ते नशीब. लस नसली तर बाधित रक्ताच्या सुईने कावीळ-बी व्हायची शक्यता शंभरात ६ ते ३०, सी ची साधारण २, एचआयव्हीची हजारात ३. एचआयव्हीची गोळी लवकरात लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू करायची आणि २८ दिवस घ्यायची. मी घेतली. मुलगी तेव्हा चौदा महिन्यांची होती. त्या २८ दिवसांत मी तिला जवळ घेताना अंगठा मुठीत मिटून ठेवायचे. त्याने काही होत नाही हे मला माहीत होतं, तरी ठेवायचे. सगळे रिपोर्ट चांगले आले.

नंतर एका ठिकाणी बटणवाली सेफ्टी कॅन्युला आली. बटण दाबलं की स्प्रिंगने सुई दांड्यात ओढली जाते. छान वस्तू. पण घाईत बटण राहून जातं. माझंही राहिलंय. दुसऱ्या प्रकारात सुई बाहेर येता येता एक बारीकशी स्टीलची क्लिप आपोआप टोकावर बसते. तुम्हाला काही करावं लागत नाही, काही लक्षात ठेवावं लागत नाही. खाडीकाठ दादा, तुम्ही जे काही बनवाल त्यात नर्सला एकही जास्तीची कृती देऊ नका. अडीच वाजता ती कृती होत नाही.

गाबितवाडा

माझा डायलिसिस सा वर्सां चालू आसा. मालवणी-मराठी मिसळून लिवतंय, समजून घेवा. सुई खय घालूची ता माझ्या हाताक मशिनवाल्यापेक्षा जास्त ठावक आसा.

दादा, बोथट सुई तुम्ही विचारताय ती आहे. मला त्याच लावतात. त्याला बटनहोल म्हणतात. सुरुवातीचे काही आठवडे एकाच सिस्टरने, एकाच जागी, एकाच कोनात धारवाली सुई घातली. कानाला भोक पाडून बाळी घातली की जसं भोक कायमचं होतं, तशी आत एक वाट तयार झाली. मग त्या वाटेने धार नसलेली सुई आपसूक जाते. दुखत नाही.

पण दोन गोष्टी आहेत. भोकावर खपली धरते ती नीट भिजवून, स्वच्छ करून काढली पाहिजे. तिथे कंटाळा केला की जंतू थेट रक्तात जातात. मला एकदा थंडी वाजून ताप भरला होता, दहा दिवस ॲडमिट. आणि दुसरी गोष्ट, वाट बनवणारं माणूस एकच हवं. माणूस बदललं की कोन बदलतो आणि वाट दुभंगते.

अजून एक सांगतो. सुई आत टोचण्याएवढीच ती बाहेर न येण्याची काळजी करा. आमच्याकडे उकाडा केवढा, हात घामाने ओला, पट्टी सुटते. परतीची सुई निसटली आणि पंप चालूच राहिला तर मिनिटाला ३०० मिली रक्त बाहेर. सात मिनिटांत दोन लिटर. दर वेळी मशीन ओरडेलच असं नाही. मी हात चादरीखाली कधीच घेत नाही, कितीही एसी असू दे. तुमच्या आवशीकपण सांगा, हात उघडो ठेव.

खाडीकाठ

गाबितवाडा, आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ती म्हणाली, ह्याला विचार, बाळी घालायची वाट व्हायला किती दिवस लागले? केंद्रात विचारलं. स्टाफ पाळीने बदलतो, एकच माणूस देता येत नाही म्हणाले. प्रयत्न सोडलेला नाही.

नाइटड्युटी ताई, तुमचं शेवटचं वाक्य कागदावर लिहून बेंचवर चिकटवलंय.

वाशिष्ठी

चिपळूणला भूलतज्ज्ञ आहे. धागा फार चांगला चाललाय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मानेतल्या शिरेत नळ्या घालते. तिथे शेजारीच मेंदूकडे जाणारी मोठी रोहिणी असते, त्यामुळे 'आरपार' हा शब्द माझ्याही झोपेत येतो. सोनोग्राफी आल्यापासून काम पुष्कळ सुरक्षित झालं, पण तिची एक फसगत नवशिक्यांना सांगावीच लागते. शिरेचा आडवा छेद बघत असाल तर सुई एका पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते. तो ठिपका टोकाचा आहे की सुईच्या मधल्या कुठल्या भागाचा, हे पडद्यावर कळत नाही. टोक केव्हाच खाली निघून गेलेलं असतं आणि आपण ठिपका शिरेत बघून खूश असतो. म्हणून काही सुयांच्या टोकाशी पोलादावर बारीक खळगे पाडलेले असतात. तिथून ध्वनिलहरी जास्त परततात आणि टोक चमकतं. बघा, इथेही डिझाइनच.

पण खाडीकाठ, तुमच्या मूळ प्रश्नातलं एक वाक्य मला फार मोलाचं वाटलं: धार चार तास आत पडून असते. ती का असावी? सेल्डिंगर नावाच्या स्वीडिश रेडिओलॉजिस्टने १९५३ मध्ये दाखवून दिलं की सुईने फक्त दार उघडायचं. सुईतून मऊ टोकाची तार आत सोडायची, सुई काढून टाकायची, तारेवरून नळी सरकवायची. आज अँजिओग्राफीपासून माझ्या मानेच्या नळ्यांपर्यंत सगळं यावर चालतं. त्याच सुमारास, १९५० मध्ये, अमेरिकेत मेयो क्लिनिकमधल्या मासा यांनी सुईवर प्लास्टिकची नळी चढवली. सुई काढून घ्यायची, नळी आत ठेवायची. आज सलाईनला लावतो ती कॅन्युला तिचीच वंशज.

फिस्टुलासाठीही अशा प्लास्टिकच्या कॅन्युला मिळतात. पोलाद बाहेर, आत फक्त मऊ नळी. हात थोडा हलला तरी भिंत कापली जात नाही. महाग आहेत आणि बसवायची सवय वेगळी, म्हणून आपल्याकडे फारशा दिसत नाहीत. तुमच्या आईंच्या नेफ्रॉलॉजिस्टना, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांना, जरूर विचारा.

आत जाताना आरपार जायचा धोका मात्र यानेही जात नाही. तो प्रश्न तुमचा तसाच उभा आहे.

मंडणगडकर

लॅबमध्ये रक्त घेतो. नाइटड्युटी ताईंच्या पुढचं एक पाऊल सांगतो. आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या मावशींना काळ्या पिशवीतून सुई लागली होती. सुई टाकणारा कोण, पेशंट कोण, काहीच कळायला मार्ग नाही. २०१६च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यातच जायला हव्यात, तरी ती पिशवीत गेली. ज्या बाईने पेशंटचं तोंडही पाहिलेलं नाही तिने सहा महिने तपासण्या करत काढले. सुईचा शेवटचा माणूस म्हणजे त्या मावशी. डिझाइन करणाऱ्याने त्यांनाही विचारात घ्यावं.

खाडीकाठ

दीड महिन्याने येतोय. मधल्या रविवारी काय काय केलं ते लिहितो.

चायना ग्रास शिजवून पसरट डब्यात दोन बोटं जाडीची वडी घातली. थापायच्या आधी मधोमध रबरी नळी आडवी ठेवली, आतून ६ मिमी. नळीत कोकमाचं आगळ घातलेलं पाणी, आणि पाण्याची बाटली मीटरभर उंच टांगलेली, म्हणजे आत साधारण ७४ मिमी पाऱ्याएवढा दाब. वर कोंबडीची कातडी ताणून बसवली. सगळा डबा घरच्या वजनकाट्यावर. सुई दाबत गेलो की काट्यावर जोर दिसतो.

पहिल्या दिवशी बायकोने मोबाइलवर चित्रण केलं आणि आम्ही ते सावकाश करून पाहिलं. आकडा चढत जातो. कातडी फुटते, जरा पडतो. पुन्हा चढतो, नळी दबायला लागते, दबते, आणि फुटते. आकडा झपकन खाली, आणि सुईच्या मागच्या टोकाला लालभडक थेंब. तिथे थांबायचं. पण चित्रात दिसलं की माझा हात थांबेपर्यंत आकडा पुन्हा चढायला लागलेला होता, म्हणजे टोक खालच्या भिंतीला टेकलेलं होतं. मला माहीत होतं कुठे थांबायचं, तरी.

मग हिशेब केला. डोळ्याला दिसल्यापासून हात थांबायला पाव सेकंदाच्या आसपास लागतो. सुई सेकंदाला २० मिमी जात असेल तर तेवढ्यात ५ मिमी पुढे. सरळ उभी घातली तर ६ मिमीची नळी जवळपास संपलीच. पण २५ अंशांच्या तिरक्या कोनात घातली तर वरच्या भिंतीपासून खालच्या भिंतीपर्यंत वाट १४ मिमीची होते. ४५ अंशांत साडेआठ. कोनाला सिस्टर एवढं का जपतात ते मला आकड्यांतून कळलं.

मग वेरेससारखी दांडी. १६ नंबरच्या सुईत बसेल अशी पोकळ स्टीलची नळी घेतली, टोक गोल घासलं, मागे पेनाची स्प्रिंग. यंत्रशाळा यांनी सांगितलं होतं तेच झालं. कातडी फुटली आणि वडीत शिरल्या शिरल्या दांडी सुटली, नळीच्या कितीतरी वर. बोथट टोकाने मग रबर फुटेना. स्प्रिंग कापून हलकी केली तर उलट, नळीत पोचूनही दांडी अर्धवटच बाहेर. कातडी, चरबी, शीर, तिघांना एकाच स्प्रिंगने ओळखायचं म्हणजे कठीण आहे. आणि आईच्या फिस्टुलावर जुन्या टोचण्याचे वण आहेत. तिथे कातडी चामड्यासारखी झालीये. उजवीकडची आणि डावीकडची जागासुद्धा एकसारखी नाही.

यंत्रशाळा

मनापासून दाद. घरच्या वजनकाट्यावर तुम्ही मूळ अडचण पकडलीत.

एक वेगळी वाट सांगतो. २००९ मध्ये बॉस्टनकडच्या संशोधकांनी क्लचसारखी सुई मांडली. सुईच्या नळीत एक बारीक लवचीक तार. आपण सुईला ढकलत नाही, तारेला ढकलतो. टोकाशी विरोध असेल तर तार आतल्या आत नागमोडी वाकते, नळीच्या भिंतींना घट्ट अडकते, आणि आपला जोर सुईला मिळतो. टोक मोकळ्या जागेत आलं की तार सरळ होते, एकटीच पुढे सरकते, सुई जागच्या जागी राहते. म्हणजे थांबायचा निर्णय हाताकडे नाहीच. माणसाचा पाव सेकंद त्यातून वजा होतो.

अडचणी त्यातही आहेत. तार आतला व्यास खाते, रक्त दिसायची वाट अडवते, आणि चरबीचा प्रश्न पुरता सुटत नाही. पण तुम्हाला एक सुचवतो. दांडी कातडीपासूनच मोकळी कशाला ठेवायची? कातडीत वाट होईपर्यंत ती अडकवून ठेवा आणि ठराविक खोलीनंतरच सुटू द्या. फिस्टुला कातडीच्या किती खाली आहे ते सोनोग्राफीत मोजता येतं.

नाइटड्युटी

ठराविक खोली मोजून सेट करायची ती कोण करणार? मीच ना? मग ती एक जास्तीची कृती झाली.

यंत्रशाळा

ताई, बरोबर आहे. मग खोली सेट करायची नको, सुईचे दोन-तीन साइज वेगळ्या रंगाच्या पंखांचे (सुईच्या मागे धरायला असतात ते), आणि पेशंटच्या फाइलवर त्याचा रंग. जशी तुमची गुलाबी म्हणजे २० नंबर, निळी म्हणजे २२ नंबरची कॅन्युला डोळे मिटून हाताला येते, तसं.

नाइटड्युटी

हे चालेल. रंग अंधारातही ओळखू येईल असा घ्या, आणि पंखांवर खडबडीत रेघा द्या. ग्लोव्ह ओला असला की गुळगुळीत पंख बोटांत फिरतो, आणि पंख फिरला की आत टोकही फिरतं.

वाशिष्ठी

डॉक्टर म्हणून एक गोष्ट ठामपणे लिहिते. बेंचवर हवं ते करा, पण घरी केलेली कुठलीही सुई कुठल्याही माणसाला, स्वतःलासुद्धा, टोचू नका. सुया आपल्याकडे २०१७च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतात. निर्जंतुकीकरण, धातूची तपासणी, टोकाचे तुकडे पडत नाहीत याची खात्री, हे सगळं झाल्यावरच माणसापर्यंत जायचं. तुम्ही ते कराल असं वाटत नाही, पण हा धागा उद्या दुसरं कोणी वाचेल.

खाडीकाठ

डॉक्टर, शब्द देतो. माझी सुई कोंबडीच्या कातडीच्या पुढे जाणार नाही. अडकवून ठेवायच्या दांडीचं चित्र काढलंय, यंत्रशाळा यांना खाजगीत पाठवलं आहे. पंखांच्या रेघा आमच्याकडच्या वायरकटवर (तारेने धातू कापणारं मशीन) दोन प्रकारच्या करून बघतो आणि ताईंना कुरिअर करतो. ओल्या ग्लोव्हमध्ये धरून सांगा.

आणि आईचं. नेफ्रॉलॉजिस्टांना प्लास्टिकच्या कॅन्युलाबद्दल विचारलं. ते म्हणाले, आईचा फिस्टुला चांगला आहे, बघू लावून. दहा मागवल्या. बसवायला रजेवरून आलेल्या नेहमीच्या सिस्टर होत्या आणि तो नवा मुलगाही, तो शेजारी उभा राहून बघत होता. पोलाद बाहेर काढून सिस्टरांनी आईला दाखवलं. आईने विचारलं, मग आता आत काय आहे? नुसती मऊ नळी, आजी.

एरवी चार तास ती तो हात लाकडासारखा ठेवते आणि चहा मी पाजतो. काल तासाभराने तिने सिस्टरांना विचारून कोपर जरासं वाकवलं, पुन्हा सरळ केलं. मग माझ्याकडून बशी मागून घेतली आणि मांडीवर त्याच हाताने धरली.

गाबितवाडा

बशी हातात घेतल्यान? त्याच हातात? दादा, त्या नळीचा नाव माका लिवून पाठव. सोमवारी डॉक्टराक दाखवतंय.